थ्रो आमचा

खानापूरचं मैदान. आमचा स्टॉपर पोटरी धरून पडला
तेव्हा चेंडू त्यांच्या कॅप्टनच्या पायात होता,
पुढं मोकळं रान.
त्यानं तो मुद्दाम बाहेर मारला, रेल्वेच्या कुंपणाकडं.
पाणी आलं, स्प्रे आला, पोरगं उठलं.
थ्रो आमचा.
परत द्यायचा असतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.
मेल्विननं तो भैरूकडं टाकला
आणि भैरू जाळीपर्यंत थांबलाच नाही.

पंच म्हणाला, नियमात बसतं.

यल्लाप्पाच्या गाड्यावर आता तेच दळण.
"सेमीफायनल हाय गा, सत्यनारायण नव्हे!"
"बाहेर मार म्हणून त्याला सांगितलेलं कुणी?"
निपाणीचा एक जुना गोली, बोटं वाकडी झालेली,
एवढंच म्हणाला, तप्पु.
त्याला दोन्ही भाषांत शिव्या बसल्या.
गेल्या साली त्यांनी आमची बस अडवलेली, ते निघालं.
त्याच्या आदल्या साली आम्ही काय केलेलं
ते कुणी काढलं नाही.

माझा घसा बसलाय, म्हणून मी गप्प
असं समजतात सगळे.
बसलाय खराच.
चेंडू हातात घेऊन मेल्विन क्षणभर
त्यांच्या गोलीकडं वळला होता. मी पाहिलं.
आणि तारेला नाक लावून
मीच ओरडलो, भैरूला दे!

भैरू समोरच्या बाकावर. बूट काढलेले,
मोज्यात लाल माती.
बेळगावचा कुंदा आलाय, कुणीतरी त्याच्या तोंडात कोंबला.
गिळत नाहीये.
नुसता धरून बसलाय गालात.