कोपऱ्यांची घिसाई

आठ दिवस आधीपासून मी घर बांधायला काढलं,
म्हणजे खरंच बांधायला, सुतळीने, चिकटपट्टीने.
टीव्हीला जुना पडदा,
पुस्तकांच्या कपाटाच्या फटीफटीत वर्तमानपत्राच्या घड्या,
देव तांदळाच्या डब्यात घालून माळ्यावर,
लोणच्याच्या बरणीला दोन दादरे.
स्वयंपाकघराच्या दारात ओली चादर,
दर तासाला पुन्हा भिजवायची.
पंख्याची पातीसुद्धा उशीच्या अभ्र्यांत.
विलास म्हणाला, एक अभ्रा माझ्यासाठी ठेव.

खामल्यातलं घर, सत्त्याऐंशी सालचं मोझॅक,
हिरवे-काळे दाणे कधीचे मळात बुडालेले.
मेमध्ये काहून काढता हो, शेजारी म्हणाले.
मेमध्येच माझ्या शाळेला सुट्टी.

आणि कूलर बंद.
चालला तर भुकटी घरभर नेऊन वाटेल,
म्हणून त्याच्याही तोंडाला ताडपत्री.
दुपारी तीनला आम्ही दोघं
बाल्कनीतल्या सावलीच्या पट्टीत, पाय आखडून.

पुनाराम कोसरेची मोठी मशीन पाण्यावर चालते.
पायाखाली राखाडी खीर होते, उडत काही नाही.
पण ती कोपऱ्यात शिरत नाही.
कोपरे हातमशीनने, कोरडे.
त्याने दुपट्टा नाकाला गुंडाळला, बटण दाबलं
आणि खोलीत खोली उरली नाही.

मी चादरीआडून बघत होते.
चादर आपलं काम करत होती.
भिंतीच्या कडेने एक खोकला सरकत होता,
त्यावरून कळायचं, कुठवर आलंय.

पुडकंभर मास्क आणले होते, आमच्यासाठी.
एक दिला. त्याने खिशात ठेवला.
"गुदमरते बाई याच्यात. पाणी मारा थोडं, तेच बरं."
पाणी? नळ उद्या. टाकीत स्वयंपाकापुरतं.
विलासने माझ्याकडे बघितलं, मी विलासकडे,
मग दोघांनी कूलरकडे.

ताडपत्री सोडली. तळ गच्च भरलेला,
वर वाळ्याच्या काड्या तरंगत.
पहाटे साडेचारला उठून मीच पाइप लावला होता,
बंद ठेवायचाय हे माहीत असून, सवयीने.
मगाने उपसलं, बादलीत ओतलं.
विलास उकिडवा बसून चक्रीच्या पुढे
चुळीएवढं, चुळीएवढं पाणी सोडत गेला.
वायर सांभाळ, मी ओरडत होते.
घरात वास आला,
ओल्या सिमेंटचा आणि वाळ्याचा.

तीन खोल्या, बारा कोपरे.
सातव्यात कूलर संपला.
पुढचे कोरडेच झाले.

संध्याकाळी त्याने पैसे मोजून घेतले.
पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या.
वय विचारलं. एकतीस म्हणाला.
मग गेटबाहेर गेला, रस्ता ओलांडून
पलीकडच्या कडूनिंबाखाली,
शर्ट काढला, आधी वारा कुठला ते बघितलं,
आमच्या दाराकडे येत नाही ना,
आणि मग झटकला.