दुभाजकावरची कण्हेर

वारज्यापासून नवले पुलापर्यंत
अकराशे चाळीस झाडं.
मी मोजलीत. टँकर गोगलगायीसारखा सरकतो,
पाइप माझ्या हातात असतो,
दुसरं करायचं काय.

मुकादम वसगडेकर सांगतो, कण्हेरच का,
तर ढोरं तोंड लावत नाहीत.
धूर पिते, ऊन खाते,
आठवडा पाणी चुकलं तरी कुरकुरत नाही
आणि बारा महिने फुलते.
त्याच्या कोल्हापूरचं जुनं नाव करवीर,
म्हणजे हीच, म्हणतो मिशीत हसत,
जणू अख्खा जिल्हा त्याच्याच परसात उगवलाय.

मला पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं नव्हतं.
छाटणी झाली, चीक बोटांना,
टँकर भरायला गेलेला,
आणि मी तशीच डबा उघडून बसले पुलाच्या सावलीत.
हौसाबाईनं हातावर चापट मारली.
भाकरी मातीत.
आईनंसुद्धा इतक्या जोरात कधी मारलं नव्हतं.
मग बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं,
तिचं प्यायचं, सगळं,
आणि आपली अर्धी भाकरी पुढं केली
माझ्याकडं न बघता.

पहाटे एक बाई स्कूटर लावते कडेला.
पांढरी फुलं हवीत, सोमवार आहे.
"घेऊ का थोडी?" विचारते, जणू माझीच आहेत.
घ्या, म्हणते मी, पण हात धुवा घरी गेल्यावर.
"अहो, महादेवाला चालतात की!"
त्याचं काय,
त्याला पचवायची सवय आहे.

हौसाबाई मात्र फूल कधी माळत नाही.
एकदा पाइप गुंडाळताना म्हणाली,
माझी धाकटी बहीण, सासरी, परसात अशीच कण्हेर,
आणि तिचं पुढचं वाक्य
एका सोळाचाकी ट्रकखाली गेलं.
मी पुन्हा विचारलं नाही.
तिनंही पुन्हा सांगितलं नाही.
फक्त पाइप पुढच्या झाडाकडं वळवत पुटपुटली,
झाडाचं काय चुकलं.

परवा रात्री एका गाडीनं कठडा फोडला.
सकाळी काचा, एक चप्पल,
आणि मुळासकट उपटलेली गुलाबी कण्हेर.
अकराशे एकोणचाळीस, म्हटलं मी.
हौसाबाईनं विळ्यानं तिची वीतभर फांदी कापली,
खालची पानं खुडली,
त्याच खड्ड्यात खोचली, टाचेनं माती दाबली.
फांदीनं लागते ही, म्हणाली.

मग हात धुतले.
तीनदा.
बाटली मी धरली होती.