तक्ता ४.७

मॅडम म्हणाल्या, बहात्तर परिच्छेद
कुठलाच परीक्षक वाचत नसतो.
वय, नोकरीची वर्षं, रात्रपाळी, पदर,
अशी आठ कारणं, त्यांची नऊ मापं,
आणि तू एकच वाक्य आकडे बदलून लिहीत सुटलीस.
एक तक्ता कर.
उभ्या रकान्यांत मापं, आडव्या ओळींत कारणं,
सार्थक असेल तिथं तारा.
बाकीचं परिशिष्टात. तिकडं कुणी फिरकत नाही.

मग परभणीत, विद्यापीठाच्या गेटसमोर
डीटीपीच्या खडखडत्या कुलरखाली
मी आणि मुंजाजी लोखंडे
पान आडवं करून बसलो.
मानवतच्या जिनिंगमधल्या दोनशे बारा बायका
अकराच्या अक्षरात मावेनात.
नऊवर आणल्या.
मुंजाजी म्हणाला, ताई, आठ करू का?
म्हटलं, थांब जरा,
त्यांना आधीच दम लागतो.

शेडच्या मागं, सरकीच्या ढिगाशी
मी त्यांना नळीत फुंकायला लावायचे,
प्रत्येकीला तीनदा.
शहनाजला हसूच आवरेना, काटा हललाच नाही.
गयाबाईंच्या भुवयांवर रुई;
खोकला येणार असं वाटलं की
त्या आधी तोंडातलं पान काढून ठेवायच्या,
नीट, रुमालावर.
ह्याला एकक नाही.

आधी एकोणीस तारे होते.
मी रात्री दोनदा मोजले, झोप आली नाही.
सकाळी मॅडमचं लाल पेन:
विसातून एक चूक चालते म्हणतेस ना,
मग बहात्तरांत तीन-चार तारे नुसते नशिबाचे.
दुरुस्ती लाव.
लावली. अकरा उरले.

विझलेल्यांत पदर होता.
नाकावर पदर बांधणाऱ्या आणि न बांधणाऱ्या,
श्वासात फरक: सार्थक नाही.
आणि मी तर शेवटच्या प्रकरणात
पदराची शिफारससुद्धा लिहून बसलेले.
केवळबाई साळवे पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
"पदरानं काय व्हतंय माय,
धूळ काय इचारून येती का?"
त्यांना कसली दुरुस्ती लावावी लागली नव्हती.

शिफारस खोडली.

थोडक्यात सांगणं म्हणजे लपवणं,
असं मला बरेच दिवस वाटायचं.
पण प्रेसमध्ये गठाण बांधताना पाहिलंय मी:
खोलीभर रुई दाबून दाबून पेटीएवढी होते,
आणि कुणी पट्टी कापली
की फसकन पुन्हा खोलीभर.

तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप आहे.
मुंजाजी ती पुढच्या पानावर ढकलत होता.
मी समास कमी करायला लावला.
केवळबाईंनी दोनदा फुंकून
नळी पुसून माझ्या हातात परत दिली होती,
"दोनदा दिला की. आता ऱ्हाऊ दे,
घरी चालत जायचंय."

टीप: सर्व मापांसाठी संख्या २१२.
तीन फुंकरांच्या सरासरीसाठी २११.