क्लचकव्हरखालची पत्रिका

नाना पेठेत त्याला पॅकिंग म्हणतात.
गॅस्केट मागितलं की भाव वाढतो.
शमशुद्दीन बागवान चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
जावाचं? सदुसष्टचं?
मिळेल, पण बसणार नाही.
ताई, शीट न्या. घरी कापा.

म्हणून रविवारी खडकीत,
क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात
क्लचकव्हरचे पाच स्क्रू.
चौथा हटून बसला.
त्याला रॉकेल पाजलं, छिन्नीनं उलटा टोला दिला,
मग एक शिवी, मनातल्या मनात.
काळं तेल परातीत उतरलं.
ती परात आता माझीच.

जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडायचं, जोर न लावता.
अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं,
एक ओरखडा, की जन्माची गळती.
किकच्या दांड्यापाशी
धातूवर अक्षरं उमटलेली दिसली.
उलटी.
मुलाचा दाढीचा आरसा धरला:
…कुटुंब सहपरि…
…वाजून अडतीस मि…
…अगत्य…

कुणीतरी, शीट संपली म्हणून,
लग्नपत्रिका कापली होती.
वधूचं नाव कडेबाहेर राहिलेलं,
नवरदेवाचं आडनाव स्क्रूच्या भोकात गेलेलं.
तो मेकॅनिक जेवायला गेला असेल का त्या लग्नाला?
की अडतीस मिनिटं झाली तेव्हाही
हातोडीच घेऊन बसला होता?

पद्माकर चहा घेऊन आले, वाकून पाहिलं,
म्हणाले, कागद चांगला वापरलेला दिसतोय.
तेव्हा करायचे लोक खर्च पत्रिकेवर.

अक्षरं ठेवली तर पृष्ठभाग सपाट होत नाही.
खरवडली.
'अगत्य' सगळ्यात शेवटी निघालं.

नवी शीट कव्हरवर धरून
गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक,
म्हणजे धातूची धारच कागद कापते.
पहिली फाटली.
दुसरीची भोकं जुळली, एक सोडून.
तिसरीला दुपारचे साडेतीन.

बसवण्याआधी त्या करड्या कागदावर
मी बॉलपेननं तारीख लिहिली, आणि खडकी.
दोन्ही उलट्या अक्षरांत, आरशात बघून,
जीभ दातांत धरून, पहिलीतल्या मुलीसारखी.
पुढच्याला आरसा शोधावा लागू नये.

स्क्रू आळीपाळीनं, समोरासमोरचे,
चौथा जरा जपून.

सोमवारी खाली अंथरलेल्या पेपरवर
एक थेंब होता.
मंगळवारी नव्हता.