इतिवृत्ताच्या मागल्या पानावर

दसऱ्याला सकाळी साडेदहा वाजता
ठाकुरद्वारच्या ट्रॉफीवाल्याच्या वरच्या माळ्यावर
परवानाधारक मंडळाची सभा भरली.
हजर अकरा. गणसंख्या नऊ.
पंखा बंद ठेवला, कारण पावत्या उडत होत्या.

हो, पावत्याच.
आचारसंहिता लागली, हत्यारं सगळी ठाण्यात जमा,
आणि पाटावर, लाल कापडावर,
जिथं दरसाल दुनळ्या आडव्या निजतात
तिथं यंदा अकरा गुलाबी कागद.
झेंडू वाहिला पेसीकाकांनी.
"आमच्यात नाय हे. पन गन तर माझी पन आत हाय नी."
कुंकवाचं बोट ओलं होतं. एक शिक्का फाकला.
ओसवालांचा चेहरा उतरला:
आता हवालदार ओळखेल का ही पावती?

विषय पहिला. तिनाची दोन झाली.
एक सोडायची. कुठली, ते कायदा सांगत नाही.
पेसीकाकांकडं एक आजोबांची, एक बापाची, एक स्वतःची.
"तीन पोरांमधला कोनता नको,
असा इचारते मला सरकार."
ठराव: वडिलोपार्जित हत्यार मोजणीतून वगळावे.
टाळ्या नाहीत. कुणीतरी खोकलं.

विषय दुसरा, नूतनीकरण.
आयुक्तालयात फाइल चौदा महिने
एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते
आणि तिसऱ्यावरून पहिल्यावर येते.
यावर सगळेच बोलले. एकदम.

शेवटच्या खुर्चीत हणमंत बुरुंगले,
पतपेढीच्या दारावर बावीस वर्षं.
त्याचं गणित सोपं: बंदूक जमा की पगार वजा.
एजन्सीनं सांगितलंय, हत्यार सुटलं की या.
तो उठला, टोपी काढली, परत घातली.
"दोनाचं तिनाचं तुम्ही बघा. माझी एकच हाय.
तीबी कधी उडवली न्हाई.
सरावाला काडतूस परवडत न्हाई, मॅडम.
नुसती धरतो.
धरायचंच पैसं मिळत्यात."
मी लिहिलं: श्री. बुरुंगले यांनी आपले विचार मांडले.

मग निवेदन. आमदारांना द्यायचं,
तरुण सभासदांनी मसुदा वाचून दाखवला.
पहिलं वाक्य: "घरात हत्यार असलं
की घर निर्धास्त झोपतं."
वाक्य चांगलं आहे.
दोन वर्षांपूर्वी मीच सुचवलं होतं.

आता हे इतिवृत्तात बसत नाही, म्हणून इथं.
पप्पांची कंपनी बंद पडली ते वर्ष.
ते रात्री कपाट उघडून बसायचे,
तेलाची बाटली, फडकं, मांडीवर रिव्हॉल्वर,
एकच नळी पुसत, पुसत, पुसत.
आई स्वयंपाकघरातून म्हणायची, झोपा आता.
माझ्याकडं बघून म्हणायची, तांदूळ निवडतेय, तू झोप.
रात्री एक वाजता कोण तांदूळ निवडतं?
महिनाअखेर, तळ लागला
तेव्हा डबा खुळखुळला.
सहा होती. पितळी. धुऊन, पुसून
तिनं नवीन तांदळात परत पुरली.
मला काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही,
आणि भात आम्ही जेवलो.

पुढं निवडणूक लागली, रिव्हॉल्वर ठाण्यात गेलं.
त्या दीड महिन्यात
माझ्या आईला मी पहिल्यांदा घोरताना ऐकलं.

पप्पा नंतर म्हातारे होऊन गेले, साधेपणानं, तापानं.
परवाना वारसाहक्कानं माझ्या नावावर आला,
पाठोपाठ चिटणीसपदही. सुवाच्य अक्षर माझंच.

निवेदनावर सह्या झाल्या. दहा.
अकरावीच्या जागी मी शाई सुकायची वाट बघत राहिले,
मग पेसीकाका म्हणाले, "माणिक, पेन चालते नी?"
चालत होतं. सही केली.
सोनं वाटलं, चहा झाला,
ज्यानं त्यानं आपापला गुलाबी कागद
झेंडूची पाकळी झटकून खिशात घातला.
बुरुंगलेनं मात्र पाकळीसकट.

हत्यारं परत मिळायची तारीख फळ्यावर लिहिली आहे.
सगळ्यांनी टिपून घेतली.
मी उद्या बघेन.