बत्तीस बोअर

सदरच्या दुकानात अब्बासभाईंनी हिरव्या मखमलीवर
तीन रिव्हॉल्व्हर मांडल्या, भाजीवालीने वांगी मांडावीत तशा.
"ही हलकी, लांजेवारबाई. पर्समध्ये कळणारसुद्धा नाही."
न कळणारं काय करायचंय मला?
कळमन्यात तीस वर्षं वजनच वाचत आले,
पोत्याला हात लावून सांगते
आत मिरची किती, देठ किती, पाणी किती.

दुसरीचा चाप माझ्या बोटाला लांब.
तिसरी अख्खी पोलादाची, आखूड नळीची.
तळहातावर ठेवली तर गप्प बसली.
"उसळायची नाही," ते म्हणाले, "वजनच धरून ठेवतं तिला."
आणि मग, जरा खाली बघत,
"बांधणार कुठे?"

पट्टे सगळे पुरुषांच्या कमरेचे.
पाचवारीला निऱ्या असतात.

परवान्याच्या टेबलावरचा साहेब तर हसला होता:
"पर्समध्ये मिरचीपूड ठेवा ना बाप्पा!"
साहेब, त्या रात्री गोदामात
दोनशे पोती होती मिरची,
आणि धोंडबा दारात पडला होता
गल्ल्याची किल्ली मुठीत धरून.

रंजनाने परकराला आतून कप्पा शिवून दिला,
जाड खादीचा, दुहेरी टाक्याचा.
काय ठेवणार, विचारलं नाही.
शिलाईही घेतली नाही.

मे महिन्यात घामाने पोलाद गंजतं.
म्हणून रोज रात्री
तेलाच्या फडक्याने पुसते.
फडकं लाल होतं, हात तसेच असतात माझे.
वर्षातून एकदा अब्बासभाई ती उघडतात, आतून साफ करायला,
आणि तीनदा शिंकतात.