साधी काच

मुहर्रकमध्ये, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
माझं चौकटींचं दुकान.
लोक आणतात आयत, मक्केचा फोटो,
पोराची पदवी, उंटाच्या शर्यतीचं प्रमाणपत्र.
परकार आणायचे राष्ट्राध्यक्ष.

"मेस्त्री, हा बघ, याचा देश आता नकाशावर नाही,"
म्हणत पाकिटातून कागद काढायचे,
तान्ह्याची मान सावरावी तसा, दोन्ही हातांनी.
गोदीत स्टोअरकीपर. हयात नट-बोल्ट मोजण्यात गेलेली.
रात्री खोलीवर बसून जगभरच्या अध्यक्षांना पत्रं:
साहेब, मी तुमच्या देशात कधी आलो नाही, येणारही नाही,
सही मिळाली तर आभारी होईन.

इथे घरी टपाल येत नाही.
पोस्टाच्या भिंतीत वीतभर पितळी दार,
त्याची किल्ली परकारांच्या गळ्यात, ताविजाशेजारी.

उत्तरं यायची. दहातलं एखादं.
कुणाचा फोटो, कुणाचा छापील नकार,
एका मेजवानीचं खाद्यपत्रक, त्यावर सांडलेल्या रश्श्यासकट,
राजमुद्रेची काडेपेटी, आत तीन काड्या शिल्लक.
कुठल्याशा बेटाच्या अध्यक्षाने उलट विचारलं होतं,
तुमच्याकडे बांगड्याला काय भाव आहे?
ती चौकट परकारांनी तीनदा बदलून घेतली.

मी त्यांना शिकवलं, शाई काचेला टेकू द्यायची नाही,
ऑगस्टच्या दमटात चिकटते, मग सोलून निघते.
त्यांनी मला शिकवलं, कागद दिव्याखाली तिरका धर.
हात वळणावर दबतो. तिथे शाई साचते.

एका शुक्रवारी दोन पत्रं आणली,
अध्यक्ष एकच, मध्ये सहा वर्षं.
उजेडाच्या पेटीवर एकावर एक ठेवली.
केसाचाही फरक नाही.
मी म्हटलं, मुबारक हो, जुळली!
परकार स्टुलावर बसले.
जरा वेळाने म्हणाले,
"जुळली म्हणजे खोटी. माणसाची सही दोनदा सारखी येत नाय.
ही मशीनने केलीय."
वरून विमान गेलं, सगळ्या काचा थरथरल्या.
"लाव तरी," म्हणाले. "काच मात्र साधी घाल."

गेल्या मार्चात त्यांचा व्हिसा संपला.
हिशोबाचे दिनार काढायला बँकेत गेले.
हात तोवर कापायला लागला होता.
काउंटरवरच्या पोरीने अदबीने पडदा वळवून दाखवला:
चाचा, सही जुळत नाही.
चारदा केली. चारही वेगळ्या.
तिथून थेट माझ्याकडे आले, हसत,
इतके हसत की चहा बशीत सांडला.
"तिला सांगणार होतो, पोरी, मशीन असतो तर जुळली असती!"
शेवटी अंगठा घेतला म्हणे.

विमानात तीस किलो. चौकटींना जागा कुठली?
आम्ही दोघांनी बसून खिळे काढले,
एकेक अध्यक्ष फायलीत घातला.
ती फाईल मांडीवर घेऊन ते कालुस्त्याला गेले.
इथे भिंतीवर अकरा रिकाम्या चौकटी, आत नुसता पिवळट पुठ्ठा.
गिऱ्हाईक भाव विचारतं. सांगतो, विकल्यात.

काल जुनी पावतीपुस्तकं चाळली.
एकोणीस वर्षं. "माल मिळाला", खाली सही.
बँकेला, गोदीला, अध्यक्षांना ते इंग्रजीत करायचे,
मला मात्र मराठीत: ह. इ. परकार.
सुरुवातीला शेवटच्या र-ला झोकदार शेपूट,
पुढे शेपूट आखूड, मग प-चं पोट उघडंच राहिलेलं,
शेवटच्या पावतीवर
ओली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखी रेघ.

पेटी लावली. एकावर एक ठेवून पाहिल्या.
एकही जुळली नाही.

चांगली काच काढून ठेवली आहे.
माप कुठल्या पावतीचं घ्यायचं, ते अजून ठरत नाही.